इथे हळू

साऊ काकांनी नकाशा काढायला घेतला की गिऱ्हाइकाला थांबावंच लागे. व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या क्वी न्योनमध्ये स्कूटर भाड्याने देणारे पुष्कळ होते. वहीचं पान फाडून त्यावर बॉलपेनने समुद्र काढून देणारे ते एकटेच.

"इथे पूल. इथे कोळ्यांचं गाव, माशाच्या शेवया खा. इथे माकडं, काही खाऊ नकोस." समोर परदेशातून फिरायला आलेली फेमके उभी, पाठीवर तिच्याएवढीच सॅक. "आणि ब्रेक दोन्ही दाबायचे. नुसता पुढचा दाबलास तर तू आधी पोचशील, गाडी मागाहून येईल."

बाय सेप गावाच्या वाटेवरच्या एका वळणाशी त्यांनी फुली मारली आणि लिहिलं: इथे हळू.

"पोलीस असतात?"

"नाही."

"खड्डा?"

"नाही. हळू, बस."

फेमके तीन दिवसांसाठी निळी स्कूटर घेऊन गेली. उयेन दारातून बघत होती. सायगॉनहून चार दिवसांची रजा काढून ती वडिलांकडे आली होती.

"बाबा, नकाशे सगळ्यांच्या फोनमध्ये असतात आता. आणि त्या वळणाचं काय घेऊन बसलात? रस्ता केव्हाच रुंद झालाय."

"तुला काय माहीत ते वळण! तिथे पोचायच्या आत झोपलेली असायचीस." ते हसले. "उद्या सकाळी चल. बसतेस मागे, पूर्वीसारखी?"

"ऊन फार असतं हो. पुढच्या खेपेला."

"बरं. पुढच्या खेपेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहत आलं, म्हणून शेजारच्या लोआन मावशींनी हाक मारली. साऊ काका गाड्या धुवायला बसले होते, ते तसेच भिंतीला टेकले होते. हातातली नळी चालूच होती.

गेलेल्या माणसाने हाताने वाढवलेल्या झाडांनाही दुखवट्याची पांढरी पट्टी बांधतात. नाही तर झाडं त्याच्यामागे वाळून जातात. मावशींनी बोगनवेलीला बांधली, पेरूला बांधली. उरलेलं कापड घेऊन उयेन सहा स्कूटरींपाशी गेली.

"अगं, गाड्या कधी वाळतात का?" मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांनीच कात्री पुढे केली.

सातवी बाहेर होती. तिला अजून काही माहीत नव्हतं.

ती तिसऱ्या दिवशी आली, दफन उरकून माणसं पांगल्यावर. फेमकेचं नाक उन्हाने सोललं होतं. हेल्मेट काढायच्या आधीच ती बोलायला लागली.

"काका कुठेत? त्यांना म्हणावं, मी हळू केली गाडी! थांबलेसुद्धा. पण तिथे काहीच नाही, नुसता समुद्र. काय होतं तिथे?"

मग तिचं लक्ष उयेनच्या कपाळावरच्या पट्टीकडे गेलं. मग गाड्यांकडे.

"बाबा गेले," उयेन म्हणाली.

फेमकेने हेल्मेट छातीशी धरलं. किल्ली आणि घड्या पडलेला नकाशा तिने सीटवर ठेवला, आणि ती चालत निघून गेली.

काय होतं तिथे?

आई गेली त्या वर्षी उयेन सहाची होती. संध्याकाळी घर खायला उठलं की बाबा तिला आईच्या गळपट्ट्याने पाठीशी बांधून स्कूटर काढत. त्या वळणाशी आले की वेग कमी करत आणि विचारत, "उयेन? झोपलीस?" ती डोळे घट्ट मिटून घेई. थोडं थांबून ते इंजिन बंद करत. मग तिच्या गालाखाली त्यांची पाठ हलायला लागे. आवाज नसे. ती झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत राही, पाठ थांबेपर्यंत. घरी आल्यावर ते मावशींना सांगत, "पोरगी वाटेतच झोपली." पस्तीस वर्षं ते हे सांगून हसत आले होते, आणि तीही हसत आली होती.

उयेनने सातवीच्या हँडलला पट्टी बांधली. इंजिन अजून गरम होतं. ती स्कूटरवर बसली, मागच्या बाजूला. दोन्ही हात आपोआप पुढे गेले, कमरेच्या उंचीवर, आणि कशालाच न लागता मांडीवर परत आले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी जागी असायचे."