लांबची ट्रायल

बशीर मिस्त्रीने फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि तो चक्रावला. पंख्याचा फ्यूज जागेवर नव्हताच.

पंखा बंद पडायची महिन्यातली ही तिसरी खेप. निवृत्तीनंतर देश बघायचा म्हणून नानांनी हौसेनं बांधून घेतलेली ही कॅम्परव्हॅन दोन वर्षं अंगणातच उभी होती. अर्धांगवायूने नानांची डावी बाजू आणि वाचा गेली, तरी दिवसभर बसायचे ते गाडीतच, फ्यूजबॉक्सशेजारच्या बाकावर. मागच्या दोन्ही वेळा फ्यूज नुसता ढिला निघाला होता. तेव्हा बशीरने तो दाबून बसवला होता आणि खात्रीसाठी गाडी नाक्यापर्यंत ट्रायलला नेली होती. नाना काचेला कपाळ टेकून बसले होते. गाडी नाक्यावरून घराकडे वळली तरी मान मागं वळवून नाक्यापुढच्या रस्त्याकडेच बघत होते.

"उभ्या गाडीत फ्यूज ढिला होतोच कसा रे?" गाडीच्या दारातून नानांच्या पत्नी माई करवादल्या.

बशीरने बाकाखाली टॉर्च मारला. फ्यूज तिथंही नव्हता. वर बघतो तर नानांची उजवी मूठ गच्च मिटलेली, आणि बोटांच्या फटीतून लाल प्लास्टिकचं टोक दिसत होतं. नानांनी मान खाली घातली.

बशीरने खिशातला नवा फ्यूज बसवला. पंखा फिरू लागला.

"माई, हा फॉल्ट नाक्यापर्यंत जाऊन नाही सापडायचा. लांबची ट्रायल घ्यावी लागेल. डबा भरून घ्या, तुम्हीपण चला."

"लांब म्हणजे कुठवर?"

त्याने नानांकडे पाहिलं. "समुद्र लागेपर्यंत."

नानांनी मूठ उघडली आणि लाल फ्यूज बशीरच्या तळहातावर ठेवला.