पहिल्या रांगेतली नलिनी

जनरेटरच्या गाडीमागे दोघींनी चादर ताणून धरली आणि नलिनीने तिच्याआड घाईघाईने साडी बदलली. वारा सुटला होता, चादर काही जागेवर राहीना. लाइटवाली पोरं पलीकडे चहा पीत उभी होती. बघत नव्हती असं म्हणायला जीभ रेटत नाही.

"आटप गं बाई," चादर धरणारी कुरकुरली. "हात भरून आले."

स्टुडिओत बायकांना कपडे बदलायला एक खोली द्या, याच मागणीसाठी युनियनने शूटिंगवर बहिष्कार टाकला होता. सिनेमात गर्दी होऊन उभं राहणाऱ्या कलाकारांची ती युनियन. सगळी मंडळी सकाळपासून बाहेर फाटकाशी उन्हात बसली होती. आणि ही मागणी सभेत पहिल्यांदा उभं राहून मांडली होती कोणी? नलिनीनेच! आता काय बोलायचं!

ती आली होती मागच्या गल्लीने, श्यामसुंदरच्या गाडीत, डोक्यावरून पदर ओढून. श्यामसुंदर म्हणजे सिनेमावाल्यांना माणसं पुरवणारा सप्लायर; आज युनियनबाहेरच्या काही बायकाही त्याने गोळा करून आणल्या होत्या. घरात चूल पेटत नव्हती म्हणून आली असती, तर निदान स्वतःची समजूत तरी घालता आली असती. पण नवऱ्याची नोकरी चांगली धडधाकट होती. श्यामसुंदर फक्त एवढंच म्हणाला होता, "पहिल्या रांगेत उभी करतो. क्लोजअप देतो. एकदा तरी लोकांना तुझं तोंड दिसू दे ना यार!" इतकी वर्षं वरातीत, बाजारात, कोर्टात कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागे उभं राहून तिचं अर्धं कपाळ तेवढं पडद्यावर आलं होतं. भुलली बाई.

सुगंधाला तिने सांगितलं, ताप आलाय. सुगंधा तिची जिवाभावाची मैत्रीण, साकीनाक्याला एकाच चाळीत राहायची, युनियनमध्येही दोघी बरोबरच. सुगंधाच्या घरात खरोखरच खायचे वांधे. तरी काल संध्याकाळी ती वाडग्यातून पेज घेऊन आली आणि नलिनीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंडगार होतं.

"आता वायच कमी दिसता," सुगंधा म्हणाली. "तू पडान ऱ्हव गो. तुझ्या वाटच्या घोषणा मी देतंय."

पेज नलिनीने संपवली होती. 

स्टुडिओच्या भिंतीला लागूनच कारखान्याचं खोटं फाटक उभारलं होतं. नलिनीने विचारलं, "सीन काय आहे?"

"संप," श्यामसुंदर म्हणाला. "कामगार बायका मालकाच्या दारात घोषणा देतात. तू पुढे राहून द्यायची, बाकीच्या साथ देतील. तुला काय शिकवायचं? रोजचंच आहे की तुझं!" आणि स्वतःच खो खो हसला.

 भिंतीपलीकडून घोषणा येतच होत्या. सुगंधाचा आवाज त्यात ओळखू येत होता, चिरकायला लागला होता.

कॅमेरा सुरू झाला. नलिनीने मूठ वर केली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली. दिग्दर्शक भडकला. "अरे, ये क्या भजन चल रहा है?"

"साहेब, आवाज नंतर भरतात ना?" नलिनी अजिजीने म्हणाली. "नुसते ओठ हलवते."

"गले की नस दिखनी चाहिए!"

श्यामसुंदर तिच्या कानाशी आला. "जमत नसेल तर मागे जा. दुसरी उभी करतो."

मागे म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी खांद्यामागे. नलिनीने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. मग तिने डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "कामगार एकता!"

"झिंदाबाद!" मागच्या बायका म्हणाल्या.

"झिंदाबाद!" भिंतीपलीकडूनही आलं. दणदणीत. सवयच ती. मोर्चात घोषणा द्यावी तर नलिनीनेच, आणि तिचा आवाज आला की युनियनवाल्यांच्या मुठी आपोआप वर जायच्या. कोण, कुठून ओरडतंय, हे बघायला कोणी थांबलं नाही.

दिग्दर्शक खूश. "वाह! एक और! कॅमेरा इसके चेहरे पे लाओ!"

कॅमेरा ढकलत ढकलत अगदी तिच्यासमोर आणून ठेवला. एवढा जवळ तो कधीच आला नव्हता. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, इवलंसं.

"कामगार एकता!"

मागच्या बायका ओरडल्या. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. सकाळपासून चाललेला गलका एकदम बंद. रस्त्यावरच्या रिक्षा तेवढ्या ऐकू येत होत्या.

मग एकच आवाज आला. दोघींच्या वाटच्या घोषणा देऊन पार बसलेला.

"नलिनी, ताप उतरलो काय गो तुझो?"

आवाजात राग नव्हता. तिथेच नलिनी मेली. वर केलेली मूठ खाली आली, पदराचं टोक सापडलं, आणि तिने तोंड त्यात खुपसलं.

कॅमेरा चालूच होता.

"अगं ए, पदर काढ!" श्यामसुंदर खेकसला. "तोंड दिसू दे तुझं!"