गुरुवारचं इंजेक्शन

"सोमवारपासून आभाला नर्सरीत घालतेय, वहिनी," शुभ्रा म्हणाली आणि चपलांच्या स्टँडकडे बघत राहिली.

नर्सरी वगैरे काहीच ठरलं नव्हतं.

दुबईशेजारच्या अल मजाज भागातल्या त्या टॉवरमध्ये दोघींची दारं समोरासमोर. शुभ्रा सकाळी शाळेत शिकवायला गेली की वर्षभराची आभा अनुपमावहिनींच्या कडेवर. आभा पहिलं पाऊल टाकायला शिकली तीही वहिनींच्याच हॉलमध्ये.

"बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "चार मुलांत रमेल. थांब, तिचं सामान देते."

आत्ताच बाहेरून आल्या असाव्यात. पर्स खांद्यावर, गाडीची किल्ली हातात. आज गुरुवार, हे शुभ्राच्या लक्षात आलं आणि तिने आभाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

गेल्या महिन्यात असाच एक गुरुवार होता. आभाला लस द्यायला ती क्लिनिकमध्ये गेली, तर मानसोपचाराच्या पाटीखाली वहिनी आणि त्यांचे यजमान दत्तप्रसाद बसलेले. तिला बघताच वहिनी लगबगीने पुढे आल्या. दत्तप्रसादांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"माझंच गं. डिप्रेशन. गोळ्यांनी भागेना," वहिनी म्हणाल्या होत्या. "अमेरिकेत शिकून आलेला डॉक्टर आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात ना, केटामीन, त्याचंच थोडं इंजेक्शन देतो. नवीन आहे."

"त्याने काय होतं?"

"भिंती श्वास घेतात म्हणे. आपणच आपल्याला वरून दिसतो म्हणे. मग हळूहळू उतरतं." पर्स सावरत त्या म्हणाल्या, "लपवायचं काय त्यात? कुणी विचारलं तर सांग, माझं आहे."

कुणी विचारलं नव्हतं. तरी शुभ्राने भिशीत सांगितलं.

"म्हणजे गर्दच की," स्वप्नाली म्हणाली. "आणि ही बाई गाडी चालवते, नवऱ्याला शेजारी बसवून. यल्ला हबीबी, चलो दुबई."

सगळ्या हसल्या. शुभ्राही हसली. त्याच दिवशी वहिनींनी आभाचा ताप उतरेपर्यंत तिला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

घरी कुशलला सांगितलं, तर त्याला आधीच माहीत. दत्तप्रसाद त्याच्याच ऑफिसात, त्याला सीनियर.

"सगळे सांभाळून घेतात गं त्याला. गुरुवारी लवकर सोडतात," कुशल जेवता जेवता म्हणाला. "बायकोचं आहे म्हणून निभतंय. त्याचं स्वतःचं असतं ना, तर व्हिसा कॅन्सल. खलास. त्यांच्या तन्मयची दहावी अर्ध्यावर टाकून तिघंही मुंबईच्या विमानात."

"पण आभाचं काय करायचं?"

"तू बघ. मला तर भीती वाटते बाबा."

म्हणून ही नर्सरी.

वहिनी पिशवी घेऊन आल्या. घडी घातलेली दुपटी, कान कुरतडलेला ससा, वर एक डबा.

"नाचणीचं सत्त्व आहे. घट्ट केलं की थुंकते, पातळच दे. नर्सरीत सांगशील ना?"

शुभ्राचे कान तापले. आभाने दोन्ही हात पुढे करून वहिनींकडे झेप घेतली. शुभ्राने तिला धरून ठेवलं. वहिनींनी उचललेले हात पदराला पुसले.

काहीतरी बरं बोलायला हवं होतं.

"इंजेक्शन झालं का आजचं?"

"हो, आत्ताच आलो."

"मग पडा ना जरा. गाडी तुम्हीच चालवलीत? इंजेक्शननंतर गाडी चालवायची नसते ना, वहिनी?"

"नसते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घ्यायला हात पुढे केला.

त्याआधीच आतून दत्तप्रसादांचा आवाज आला. जड, लहान मुलासारखा.

"अनू, इकडे ये ना गं. भिंती अजून श्वास घेतायत."