तोंडी परीक्षेची तयारी

रविवारी मारिलेना इटलीतल्या बारी शहरात वडिलांकडे जेवायला आली. वडिलांना सांभाळणाऱ्या जॉर्जियन मनानाची इटालियनची परीक्षा जवळ आली होती.

"ताई, या पुस्तकातले प्रश्न विचारा ना."

"तुम्हाला काय शिकायला आवडतं?"

"मला शिवणकाम शिकायला आवडतं," मनाना अडखळत म्हणाली. "आता मी विचारते. तुमच्या वडिलांना काय शिकायला आवडतं?"

मारिलेना खो खो हसली. "पप्पांना? ब्याऐंशीव्या वर्षी काय शिकणार ते!"

तिच्या वडिलांनी, ओनोफ्रिओंनी, चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली आणि उशीखालून वही काढली. पानभर जॉर्जियन अक्षरं गिरवलेली होती.

"हिची भाषा शिकतोय, पोरी. दिवसभर बोलायला हीच तर असते."

मारिलेनाने मनानाचं पुस्तक मिटलं आणि खुर्ची वडिलांच्या जवळ ओढली.