आतडं जागं होईपर्यंत

“गॅस पास झाला का?” सर्जनबाईंनी विचारलं.

“नाही,” साहेब छताकडे बघत म्हणाले.

ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस होता. आतड्याचा वीतभर तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. पोटावर चाकू चालला की आतडं झोपी जातं. दोन-तीन दिवसांनी जागं होतं आणि आतली हवा पुढे ढकलू लागतं. ती बाहेर पडली की रस्ता मोकळा झाला असं धरतात. साहेबांची हवा अजून आतच होती. पोट तबल्यासारखं ताणलं होतं. नाकातल्या नळीतून हिरवट पाणी पिशवीत ठिबकत होतं.

सर्जनबाईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग साहेबांच्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “चारपर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा उघडून बघावं लागेल. वय एकाहत्तर, त्यात हृदय नाजूक. दुसऱ्यांदा भूल द्यायची वेळ येऊ नये, एवढंच म्हणेन.”

साहेब चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात अभियंता होते. “जन्मभर लोक फोन करायचे, नळाला नुसती हवाच येते म्हणून,” त्यांची बायको पांघरूण सारखं करत म्हणाली. “आणि आता आम्ही सगळे त्या हवेकडे डोळे लावून बसलोय!” नर्स हसली. मुलगाही हसला. सून दाराशी उभी होती. साहेबांचं लक्ष तिच्याकडे गेलं, म्हणून तिने हसू दाबलं.

सून घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात साहेब तिच्यासमोर एकदाही नुसत्या बनियनवर आले नव्हते. जेवताना ढेकर येतोय असं वाटलं तर ते उठून गॅलरीत जायचे. तिनेही त्यांचा हा मान जपला होता. इथे मात्र मागून उघडा गाऊन होता, नाकात नळी होती आणि पलंगाला लघवीची पिशवी लटकत होती. ती खोलीत आली की साहेब चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचे. ती खुर्ची अशी लावायची की समोर फक्त खिडकी येईल.

दुपारी सासूबाई आंघोळीला घरी गेल्या. मुलगा खाली कागदपत्रांच्या रांगेत उभा राहिला. सून खुर्चीत पुस्तक घेऊन बसली.

तीनला दहा मिनिटं कमी असताना पलंगावरून आवाज आला. बारीक, लांबट आणि निःसंशय.

सून ग्रंथालयात नोकरी करायची. शांत खोलीत कुठे काय वाजलं, हे तिला मान वर न करता कळायचं. काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने तिने पान उलटलं. ते उलटून झाल्यावर, आपण नेमकं काय ऐकलं, हे तिच्या लक्षात आलं.

तिने पलंगाकडे पाहिलं. साहेबांचे डोळे मिटलेले होते. श्वास संथ चालला होता. त्यांना उठवावं का? उठवून काय सांगायचं? तिने मनात दोन-तीन वाक्यं जुळवली. सासऱ्यांसमोर उच्चारता येईल असं त्यात एकही नव्हतं. नर्सला सांगायला ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. डॉक्टर चार वाजता तपासतील, तेव्हा त्यांना कळेलच. जाग आल्यावर स्वतः साहेबांनाही हलकं वाटेल. अशी समजूत घालून ती पुन्हा बसली.

चारला सर्जनबाई आल्या. मागोमाग नर्स आणि संमतीचा कागद घेऊन मुलगा आला.

“काही हालचाल?”

“नाही,” साहेब म्हणाले.

सर्जनबाईंनी पुन्हा ऐकलं. “पुसटशी गुरगुर वाटते. पण तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे.” त्यांनी नर्सला ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं.

“सही कुठे करू?” मुलाने पेनाचं टोपण काढलं.

“झालाय,” सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “गॅस. तीनला दहा कमी होते. मी इथेच होते.”

“मग इतका वेळ मूग गिळून बसलीस?” नवरा ओरडला.

“बाबा गाढ झोपेत होते,” ती सर्जनबाईंना म्हणाली. “त्यांना कळलंच नाही.”

“नक्की ना? खुर्ची वगैरे करकरली नसेल?”

“मी ग्रंथालयात काम करते, डॉक्टर. खुर्ची कुठली ते मला कळतं.”

सर्जनबाईंनी ओठ आवळले. पोट चारही बाजूंनी दाबून पाहिलं. मोठा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, “सकाळपेक्षा मऊ आहे खरं.” त्यांनी मुलाच्या हातातला कागद काढून घेतला, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. “आज राहू दे. पोटाचा एक्स-रे काढू आणि उद्या सकाळपर्यंत थांबू. आतडं जागं झालंय.”

त्या गेल्या. नर्स थिएटरला नको म्हणून कळवायला गेली. मुलगा आईला फोन करायला जवळजवळ धावतच बाहेर पडला. खोलीत दोघंच उरले. सुनेने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.

“रागावू नका, बाबा,” ती बाहेर बघत म्हणाली. “तुम्हाला झोप लागली होती, म्हणून मला सांगावं लागलं.”

“झोप?” साहेब म्हणाले. “पाच दिवसांत माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.”