बापाचा छापा

वैजनाथनं बाळाला हात लावला नाही. दैवशालानं दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू पुढं केलं, तसा तो मागं सरकला.

बाळाचं अंग दुधासारखं पांढरं होतं. केस कणसाच्या तुऱ्यासारखे पिवळसर. डोळे राखाडी, आणि उजेडात आलं की बाळ ते सारखे मिचकावायचं. वैजनाथ पक्का काळा, डोक्यावर दाट कुरळे केस. दैवशालाही सावळीच. भावकीत असा रंग कुणाचाच नव्हता.

"हे आपलं लेकरू न्हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात अदलाबदल झालीय."

"माज्यावर इस्वास न्हाय का तुमचा?"

"तुज्यावर हाय. दवाखान्यावर न्हाय."

येडशीतल्या बायका मात्र वेगळंच कुजबुजत होत्या. ते कानावर आलं की दैवशाला लेकराला घेऊन आत जायची. बाळाला पाजताना तेवढी त्याच्याशी काहीबाही बोलायची. बारसं लांबतच गेलं.

वैजनाथ एसटीत कंडक्टर होता. एक दिवस सुटी टाकून तो दवाखान्यात भांडून आला. "आमच्याकडं असं होत नाही," एवढंच तिथल्या बाईंनी सांगितलं.

"सृष्टीच्या वक्ताला तिथंच कसं नीट हातात दिलं हुतं," तो घरी येऊन म्हणाला. "आता कुणाचं कुणाला ध्यान न्हाय."

सृष्टी त्याची थोरली, यंदाच शाळेत जाऊ लागलेली. ड्यूटीवरून आला की तो आधी तिला खांद्यावर घ्यायचा. तिचा रंग त्याचाच, केसही तसेच कुरळे. "बापाचा छापा हाय," असं त्याची आई बानूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

शेवटी दैवशालाच म्हणाली, "एकदाचं रक्त तपासा. माजं, तुमचं, ह्येचं. मला बी कळू द्या."

सगळे धाराशिवला एका मोठ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बाळाचे डोळे निरखून बघितले.

"नात्यातलं लग्न का?"

"व्हय. मामाची पोरगी हाय," वैजनाथ म्हणाला.

"मग ऐका. कातडी, केस, डोळे, सगळ्यांना रंग देणारं द्रव्य एकच. ते तयार करायचा गुण आईबापांकडून येतो. एकाकडून खोट आली तरी दुसऱ्याकडचा चांगला गुण भागवून नेतो. दोघांकडूनही खोटच आली, तर मूल असं होतं. नात्यात एकच खोट दोघांच्या अंगात असू शकते. वरून दिसत नाही."

वैजनाथला ते पटलं नाही. त्यानं सृष्टीला पुढं ओढलं.

"मग हिच्यात का न्हाय उतरली? हिचं बी रक्त घ्या साहेब. हे अन् ही शेजारी ठिवा, फरक तुमालाच दिसंल."

"तिच्या रक्ताची गरज नाही."

"मला हाय."

तो हटून बसला. सुई टोचताना सृष्टी रडली नाही. तिनं बापाचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं.

तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं.

"मुलगा तुमचाच आहे," ते म्हणाले. "तुमच्या दोघांचा. काडीची शंका नाही."

दैवशालानं पदर तोंडाला लावला. इतके दिवस अडवून धरलेलं रडू फुटलं. वैजनाथ मान खाली घालून बसला. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले. लेकरू मांडीवर आलं, तसा खिडकीतला उजेड लागू नये म्हणून त्यानं त्याच्या डोळ्यांवर तळहात धरला.

"चुकलं माजं," तो म्हणाला. ते बायकोला होतं की लेकराला, कळलं नाही.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी बानूबाईला नातीला घेऊन जरा बाहेर बसायला सांगितलं. दोघी बाहेर गेल्या, दार लागलं, तोवर ते थांबले.

"तुम्ही हट्ट धरलात म्हणून मुलीचंही तपासलं," ते हळू आवाजात म्हणाले. "वैजनाथराव, सृष्टीचं रक्त तुमच्याशी जुळत नाही." मग त्यांनी दैवशालाकडं बघितलं. "आणि यांच्याशीही नाही."