छप्पर एक, घर एक

मोजणीच्या टॅबवर शकुआत्याचं घर नव्हतं. संघमित्राने दोनदा पाहिलं. खालचं, तिचं स्वतःचं घर होतं. वरच्या, आत्याच्या माळ्याचा पत्ताच नव्हता. वस्ती पाडल्यावर ज्याला नंबर त्यालाच नव्या इमारतीत खोली, आणि या वेळी माळेवाल्यांनाही मिळणार, असं सभेत सांगितलं होतं. आत्या शिडीवरूनच विचारत होती, "माझा नंबर काय आला गं?"

"छप्पर एक, घर एक," दारांवर नंबर रंगवत आलेला बिल्डरचा माणूस, चैतन्य, म्हणाला. "ॲप असंच मोजतं, मॅडम."

हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो नियम तिचाच. ड्रोनच्या फोटोवरून घरं मोजणारा हा कोड तिने चार वर्षांपूर्वी नेटवर खुला ठेवला होता. कुणीही घ्या, कशालाही वापरा. वस्तीत नळ किती लागतील ते कळावं, एवढाच हेतू. घाटकोपरच्या याच डोंगरावर जन्म काढूनही तिला माळ्यावरची माणसं आठवली नव्हती.

"नवीन व्हर्जनमध्ये माळे मोजतात. ते टाका ना."

"ते नाही चालत. त्याचं लायसन्स बदललंय. वस्ती पाडायच्या कामाला वापरायचं नाही म्हणे. आमचे वकील एकदम कडक आहेत. जुनं खुलं आहे, आणि एकदा खुलं केलेलं परत घेता येत नाही. म्हणून जुनंच."

"ते लायसन्स मीच बदललं," संघमित्रा म्हणाली.

बिल्डरांना चाप बसावा म्हणून बदललं होतं. चाप बसला आत्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आत्या खाली उतरली. तिला सगळं कळलं नाही, पण हवं तेवढं कळलं. "तूच नाही म्हणालीस ना? मग तूच हो म्हण. पाडणार तर आहेतच गं. निदान त्यांना मला मोजू तरी दे."

संघमित्राने उंबऱ्यावर बसूनच लॅपटॉप उघडला. लायसन्समधल्या ज्या एका वाक्यासाठी ती महिनाभर जगभरच्या लोकांशी भांडली होती, ते खोडायला मिनिटही लागलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिने बटण दाबलं.

"झालं. आता कुणीही वापरा. घ्या नवीन."

चैतन्यने साहेबांना फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो सर" चाललं होतं. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि रंगाचा डबा उचलला.

"सर थँक्यू म्हणाले, मॅडम. इथली यादी कालच गेली, ती आता बदलत नाही. पण सोमवारी वाकोल्याची वस्ती मोजायला आम्ही नवीनच वापरणार."